मोटारीच्या पोटाखालचा मळ

याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. स्मृतींचे नाव निघताच कपाळाला आठ्या घालणाऱ्या तरुण वाचकांनी निदान तेवढे प्रकरण तरी एकदा वाचावे, अशी आमची त्यांस विनंती आहे. कारण त्यात परलोकापेक्षा स्वयंपाकघराचा व मोरीचा विचार अधिक आहे. कथील, शिसे आणि तांबे यांची शुद्धी क्षाराने, आंबटाने व पाण्याने होते; कांसे आणि लोखंड यांची राखेने व पाण्याने होते, असे तेथे सांगितले आहे. मनूनेही पाचव्या अध्यायात हा विषय घेतला असून ज्या धातूस जे योग्य असेल त्याने तो स्वच्छ करावा, अशा अर्थाचा 'यथार्ह' हा नेमका शब्द योजिला आहे. याज्ञवल्क्यावर मिताक्षरा लिहिणारे विज्ञानेश्वर हे कल्याणीचे. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आम्हां मराठवाड्यातील लोकांच्या शेजारचेच गाव. तेव्हा हा विचार आमच्या मुलखास परका आहे असे कोणी म्हणू नये.

तांब्यास आंबट सांगितले आणि लोखंडास राख सांगितली, हा भेद कशासाठी? चिंचेने तांब्यावरचा कळकट थर जातो व खालचे तांबे तसेच राहते. लोखंड आंबटात घातले तर गंज जातो खरा, परंतु मागोमाग लोखंडही झिजू लागते. आणि बाहेर काढून तसेच ठेवले तर घटकाभरात पूर्वीपेक्षा अधिक तांबडे होते. राखेतला क्षार मात्र तेलकटपणा काढतो आणि लोखंडास धक्का लावीत नाही. सिमेंटच्या स्लॅबमधील सळई वर्षानुवर्षे टिकते तीही सिमेंटच्या क्षारतेमुळेच. स्मृतिकारांस ॲल्युमिनियम ठाऊक नव्हते. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी तो धातू विजेच्या साहाय्याने वेगळा काढण्याची कृती शोधली, तेव्हा कोठे तो स्वस्त झाला. या धातूची गोष्ट उलटी. धुण्याच्या सोड्याने ॲल्युमिनियमचे पातेले काळे पडते हे घरोघरच्या सुवासिनींस माहीत आहेच. कॉस्टिक सोड्यात तर तो विरघळून जातो. म्हणजे लोखंडाचे औषध ते ॲल्युमिनियमचे विष. एकाच यंत्रात हे दोन्ही धातू, शिवाय तांबे, पितळ, शिसे व रबर एकत्र आले म्हणजे 'यथार्ह' या शब्दाचा खरा कस लागतो. असे यंत्र आज बहुतेक घरांच्या अंगणात उभे असते. ते म्हणजे मोटार.

वसमत तालुक्यातील एका मोठ्या एकत्र कुटुंबाच्या कर्त्या गृहस्थांचे पत्र आम्हांस आले. त्यांचा नातू पुण्यास नोकरीस आहे. त्याने स्वतःच्या कमाईतून सुमारे सत्तर वर्षांपूर्वीची, विलायती बनावटीची, उघड्या डोक्याची आणि दोघांपुरतीच बैठक असलेली स्पोर्ट्‌स मोटार विकत घेतली, वरून तांबडी भडक रंगवून घेतली आणि सुट्टी काढून ती गावी आणली. ट्रकने गावाच्या फाट्यापर्यंत आणि तेथून पुढे मृगाच्या पावसात, शेतरस्त्याने. गाडी जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. त्यामुळे वाटेतला अर्धा चिखल तिने पोटाशी धरून आणला. श्रावणात आजोबांस आणि आजींस, अर्थात एका वेळी एकास, या गाडीतून औंढ्या नागनाथास न्यावे असा त्याचा मनोदय. त्यासाठी तो दिवसभर गाडीखाली पडलेला असतो. घरात यावरून दोन तट पडले. शिकल्यासवरल्या मुलाने तेलात हात का बुडवावेत, मिस्त्र्यास चार पैसे द्यावेत, असे थोरले चुलते म्हणतात. गाडी वरून तर आरशासारखी दिसते, पोटाखाली कोण डोकावून पाहतो, मग हा खटाटोप कशाला, असे धाकटे म्हणतात. आम्ही काय तो निवाडा द्यावा अशी पत्रकर्त्यांची इच्छा.

पहिल्या तटास आम्ही फार वेळ देणार नाही. ताट स्वतः घासणे हे ज्या घरात कमीपणाचे मानीत नाहीत, त्या घरात आपल्या वाहनाचा मळ आपण काढणे कमीपणाचे कसे होईल? हात राखेने स्वच्छ होतात; आजकाल तर त्यासाठी साबणही मिळतो. दुसऱ्या तटाचे म्हणणे मात्र अधिक घातक आहे, कारण ते सर्वमान्य आहे. हिंगोलीचा दसरा साऱ्या मराठवाड्यात प्रसिद्ध. त्या दिवशी जिल्ह्यातील रस्त्यारस्त्यांवर वाहने धुतलेली, हळदीकुंकू लावलेली, झेंडूच्या माळा घातलेली दिसतात. पण माळ बॉनेटला, हळदकुंकू बॉनेटला आणि पाणीही बॉनेटलाच. याच जिल्ह्यातला शेतकरी पोळ्याला बैल धुतो तेव्हा काय करतो, हे ज्याने पाहिले आहे त्याने आठवावे. तो बैलाच्या पाठीवरून तांब्याभर पाणी ओतून मोकळा होत नाही. पोट चोळतो, खुरांच्या बेचक्यातली माती काढतो आणि आदल्या दिवशी खांदेमळणीत जुवाने घट्टा पडलेली जागा हळदीने व तुपाने मळतो. जेथे ओझे पडते तेथे हात फिरतो. मोटारीचे ओझे बॉनेटवर पडत नसते.

केवळ पत्राने भागण्याजोगा हा विषय नव्हता आणि गावही आमच्यापासून लांब नव्हते, म्हणून आम्ही जाऊन आलो. बरोबर आमचे एक जुने विद्यार्थी घेतले. ते पंचवीस वर्षांपासून मोटारींचे मिस्त्री आहेत. शाळेत त्यांस 'राम' शब्द चालविता येत नसे. परंतु इंजिनाचा नुसता आवाज ऐकून ते त्याच्या आठही विभक्ती सांगतात.

वाड्यात शिरताच मिस्त्र्यांनी गाडीकडे पाहिले नाही. गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांकडे पाहिले. पुढचे एक चाक जॅकवर उचललेले, जॅक काळ्या मातीच्या अंगणात टेकलेला आणि आधारास म्हणून विटांची एक चळत.

"दादा, आधी बाहेर या. बोलणे मागाहून," ते म्हणाले.

"दोनच मिनिटे काका, एक नट राहिला आहे."

"नट राहू द्या. तुम्ही बाहेर या."

त्यांच्या आवाजात काही असे होते की मुलगा मुकाट्याने बाहेर आला. मिस्त्र्यांनी जॅकच्या बुडाशी बोट दाखविले. कालच्या पावसाने भिजलेल्या मातीत एका बाजूने तो दोन बोटे खचला होता. जॅक हे वजन उचलण्याचे साधन आहे, वजन धरून ठेवण्याचे नव्हे. आणि वीट ही कशी फुटेल हे आधी कळवीत नाही. गाडी सपाट फरशीवर घ्यावी, न उचललेल्या चाकांस पुढून-मागून लाकडी ठोकळे द्यावेत, चौकटीच्या भक्कम जागी लोखंडी स्टँड लावावेत, जॅक काढून गाडी हाताने हलवून पाहावी आणि मगच खाली शिरावे. तेही घरात दुसरे माणूस हाकेच्या अंतरावर असताना. ज्यांच्या घरी फरशी नाही त्यांनी गावातल्या धुलाईकेंद्राच्या रॅंपवर किंवा लिफ्टवर गाडी न्यावी. या एका परिच्छेदापलीकडे ज्यांस वाचण्यास सवड नसेल त्यांनी पुढचा लेख सोडून दिला तरी आम्हांस वाईट वाटणार नाही.

आता मळ. आमच्या भागातली माती ही बेसॉल्ट खडक झिजून झालेली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. पाणी मिळताच ते फुगते व वाळले की आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात रानाला हातभर भेगा पडतात. ही माती पाणी सहजासहजी सोडीत नाही. कापसाला, हळदीला ते वरदान. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले त्यात या मातीचाही वाटा आहे. पण मोटारीच्या मडगार्डच्या आत बसलेले हेच ढेकूळ म्हणजे पत्र्याला बांधलेले ओले पोटीस होय. बाहेरून वाळलेले दिसते, आत आठआठ दिवस ओल असते. लोखंड गंजण्यास पाणी व प्राणवायू एवढी दोनच लागतात, आणि तेथे ती दोन्ही हजर. त्यातून त्या गाडीतून रासायनिक खताची पोती वाहिली गेली असतील तर पाहावयासच नको. पोटॅशच्या खतात क्लोराइड असते आणि क्लोराइड हे गंजाला घोड्यावर बसविते. युरिया आणि इतर अमोनियायुक्त खते पितळेस बाधतात. इंग्रजी अमदानीत पलटणींची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवीत आणि ती न वापरताच चिरफळत. घोड्यांच्या मुतारीतून उठणारा अमोनिया हे त्याचे कारण, याचा नीट उलगडा १९२१ साली झाला. गोठ्याला लागून मोटार उभी करणाऱ्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी.

हा चिखल काढण्याची वेळ साधावी लागते. ओला असताना हात घातला तर तो डिंकासारखा पसरतो. पूर्ण वाळला तर विटेसारखा होतो आणि ठोकून काढताना खालचा रंग घेऊन येतो. शेतास जसा वापसा येतो तसा या चिखलासही येतो. बोटाने दाबला असता न चिकटता तुटू लागला म्हणजे तो काढावा, आणि तोही लाकडी उलथण्याने. खुरपे घेऊ नये. खुरप्याचा एक ओरखडा म्हणजे पुढच्या वर्षीच्या गंजाचे बी. अशा रीतीने कोरडाच काढला तर पाऊण मळ पाण्यावाचून निघतो. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे ही बचत क्षुल्लक नव्हे. राहिलेल्यास पाणी मारावे. पाण्याचा जोर मध्यम असावा. फार जोराच्या फवाऱ्याने चाकांच्या बेअरिंगांतले ग्रीस निघून जाते आणि त्या जागी पाणी शिरते. दारांच्या व बाजूच्या पोकळ पट्ट्यांच्या तळाशी पाणी निथळण्यास छिद्रे ठेविलेली असतात. ती बारीक काडीने मोकळी करावीत. आम्ही पाहिलेल्या गाडीतील अशी चार छिद्रे नव्या तांबड्या रंगाने बुजली होती. काडी घालताच आतून जे पाणी आले ते चहाच्या रंगाचे होते. नातवाने वरून दिलेला रंग गाडीस आतून पाणी पाजीत होता!

चिखल निघाल्यावर खाली काय आहे हे दिसू लागले. एवढ्यासाठीच तर तो काढावयाचा. स्वच्छता ही येथे शोभेसाठी नसून तपासणीसाठी आहे. मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी जेथे चिमट्याने चौकटीस धरून ठेविली होती, तेथे तिच्यावर गंजाचा फुगवटा आलेला मिस्त्र्यांच्या बोटास लागला. गंज हा मूळ लोखंडाहून कितीतरी पट जागा व्यापतो. म्हणून फुगलेली जागा ही भरलेली नसून पोखरलेली असते. त्यांनी नखाने पापुद्रा काढला. खाली खळगा; आणि खळग्यात बारीकसा ओलसर डाग. तो पाण्याचा नव्हता.

येथे थोडे स्पष्टीकरण अवश्य आहे. ब्रेकच्या पायपट्टीवर दाब दिला की तो दाब नळीतल्या तेलातून चाकापर्यंत जातो. आजच्या गाड्यांत अशा दोन स्वतंत्र वाटा असतात. एक फुटली तरी दुसरीने गाडी थांबते. त्या जुन्या गाडीत एकच वाट होती. मागची नळी फुटली की चारी चाकांचा ब्रेक गेला. उरतो तो हाताचा. शिवाय ब्रेकचे हे तेल हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे नळी बाहेरून चिखलाने आणि आतून ओलीने अशी दोन्हीकडून खाल्ली जाते. म्हणून ते तेल साधारण दोन वर्षांनी बदलावे असा नियम आहे. नातू थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, काल मी हिलाच घेऊन वसमतला जाऊन आलो." मिस्त्र्यांनी त्यास उत्तर दिले नाही, नळी खोलण्यास पाना मागितला. आजोबा जवळच खुर्चीवर होते. त्यांनी हे ऐकले आणि नातवाच्या हातात पाना त्यांनीच दिला. थोरले चुलते तेथेच उभे होते, तेही काही बोलले नाहीत. पहिल्या तटाचा वाद त्या दिवसापासून मिटला असे आम्हांस कळते.

या गाडीचे पूर्वायुष्य मुंबईस समुद्राकाठी गेले होते. खारी हवा काय करते ते सांगावयास नको. जुनी गाडी घेणाऱ्याने ती आधी कोणत्या गावी उभी होती हे अवश्य विचारावे. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो वाहने गढूळ पाण्यात बुडाली. अशी बुडून निघालेली गाडी वरून रंगविली म्हणजे ओळखू येत नाही. तिच्या बैठकीखालचे गालिचे उचलून पाहावे. आमचे एक भाचे कॅनडात असतात. तिकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि हिवाळ्याच्या आधी गाडीच्या पोटाखाली तेलाचा फवारा मारून घेण्याची चाल आहे. आमच्याकडे त्याचे अनुकरण करून कोणी इंजिनातले जळके तेल गाडीखाली फासतात. ते करू नये. आमच्या रस्त्यांवर मीठ नाही, धूळ आहे. तेलावर ती बसून नवाच राड होतो, रबरी बुश फुगून मऊ पडतात आणि ते तेल ब्रेकवर ठिबकले तर पुढचे सांगणे नको. जळके तेल कातडीसही अपायकारक आहे.

आता गंज कसा काढावा. प्रथम चौकट वाजवून पाहावी, जशी कुंभाराकडे घागर वाजवून घेतात तशी. खणखणीत आवाज आला तर गंज वरवरचा आहे. बद्द आवाज आला तर तेथे घासून उपयोग नाही, पत्रा कापून नवा जोडला पाहिजे. या गाडीस स्वतंत्र चौकट होती, आणि सुदैवाने ती खणखणीत निघाली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे जी पद्मिनी तयार होई, तिला वेगळी चौकट नसे. पत्र्याचे अंग हीच तिची हाडे. आजच्या बहुतेक गाड्या त्याच जातीच्या आहेत. अशा गाडीच्या तळपत्र्यास भोक पडले तर ते केवळ धूळ आत येण्यापुरते भोक समजू नये.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशाने काढावा. डोळ्यांस चष्मा पाहिजेच. गंजाने खरचटले म्हणजे धनुर्वात होतो अशी समजूत आहे. वस्तुतः त्याचे जंतू मातीत व शेणात असतात, गंजात नव्हे. पण गाडीखाली माती व शेण दोन्ही असल्यामुळे सुई टोचून घेण्याचा सल्ला मात्र बरोबरच आहे. सुटे होणारे लोखंडी भाग असतील, जसे कंस, बिजागऱ्या, नट, तर त्यांस एक फार चांगला उपाय आपल्या जिल्ह्यात होण्याजोगा आहे. तो म्हणजे उसाची मळी. जुन्या मोटारींचे शोकीन लोक साऱ्या जगात ही युक्ती वापरतात. एक भाग मळीत नऊ भाग पाणी घालून प्लॅस्टिकच्या पिंपात भाग बुडवून ठेवावेत. आठपंधरा दिवसांत मळी गंज ओढून घेते आणि चांगल्या लोखंडास जवळजवळ लावीत नाही. बाहेर काढताच धुवावे, लगेच कोरडे करून तेलाचा हात द्यावा. ॲल्युमिनियम व जस्त यांस हा उपाय चालत नाही. पिंप वाड्याबाहेर ठेवावे, कारण वास दुःसह असतो. महाराष्ट्रात मळीवर उत्पादनशुल्क खात्याचे नियंत्रण आहे हेही सांगून ठेवतो. ती कोठून तरी गुपचूप आणवू नये. घाई असेल तर लिंबूसत्त्वाचे सौम्य पाणी एका रात्रीत काम करते. ते आंबट असल्याने मागाहून सोड्याच्या पाण्याने धुणे विसरू नये, आणि स्प्रिंगांसारखे कडक पोलादी भाग त्यात घालू नयेत. ते ठिसूळ होतात.

जो गंज खाचाखोचांतून निघत नाही त्यास बांधून टाकण्याची द्रावणे बाजारात मिळतात. त्यांतील कित्येकांत टॅनिक अम्ल असते. ते लावताच तांबडा गंज काळानिळा होतो. हे पाहून आम्हांस गंमत वाटली, कारण ही आमची ओळखीची वस्तू. हिरडा आणि हिराकस यांची शाई आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. हिरड्यातले टॅनिन आणि हिराकसातले लोह यांचा संयोग म्हणजे ती शाई. गाडीखाली जे घडते तेही तेच. म्हणजे मोटारीचा गंज शाईत बदलून टाकावयाचा! परंतु या लेपाने गेलेली ताकद परत येत नाही. म्हणून खळगे पडलेल्या नळीवर तो फासून समाधान मानणे म्हणजे फाटलेल्या दोरास रंग देणे.

त्यावर अस्तर हवे. मारुतीस तेलात कालवून जो शेंदूर लावतात तोच, म्हणजे शिशाचा तांबडा भस्म, जवसाच्या तेलात खलून पूर्वी पुलांना व जहाजांना लावीत. तो उत्तम खरा, पण विषारी. घरात मुले असतात, तेव्हा आजचे रेड ऑक्साइड किंवा जस्तयुक्त अस्तर बरे. त्यावर डांबरी लेप द्यावयाचा तर पत्रा खडखडीत वाळल्यावर, आणि पाणी निथळण्याची छिद्रे सोडून. ओल्या चिखलावर लेप देणारी दुकानेही आम्ही पाहिली आहेत. त्यांचे बिल मात्र कोरड्या लेपाचे असते.

इंजिनाविषयी थोडक्यात. तापलेल्या इंजिनावर पाणी कधी ओतू नये. बिडाचा तापलेला तवा पाण्याखाली धरला तर काय होते ते स्वयंपाकघरात विचारावे. बॅटरीची ऋण तार प्रथम सोडवावी. तिच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने जाते. मग व्हॅसलीन लावावे. कार्बुरेटरचे तोंड, डायनामो व वीजतारांची जोडणी प्लॅस्टिकने घट्ट बांधावी; सिलिंडरमध्ये पाणी गेले तर ते दबत नाही आणि आतला दांडा वाकतो. तेलाची काजळी प्रथम लाकडी पट्टीने खरवडावी, मग साबणी द्रावण लावून मऊ कुंचल्याने घासावी. पेट्रोलने इंजिन धुणाऱ्या मनुष्याशी आम्ही वाद घालीत नाही, दूर उभे राहतो. रेडिएटरमध्ये आमच्या बोअरचे पाणी घालू नये. तांब्या-घागरीत जो पांढरा क्षार बसतो तोच तेथे बसतो. तयार कूलंट घालावे. मात्र ते गोडसर असते आणि विषारी असते. सांडलेले कूलंट गाय, कुत्रे वा लहान मूल चाटून जाईल, याची धास्ती प्रत्येक घरात असावी. आणखी एक : जुन्या गाडीच्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव धरावा. ती धूळ फुंकून किंवा हवेने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून फडके पिशवीत बांधून टाकावे.

आजीबाईंचे एक गाऱ्हाणे पत्रात शेवटी होते, आणि त्यात सोवळ्याओवळ्याचा अतिरेक आहे असे घरातील सर्वांस वाटत होते. तेलकट चिंध्या माजघराच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवू नयेत, एवढेच त्या म्हणत होत्या. अस्तरासाठी आणलेल्या जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या एकत्र कोंबून ठेविल्या तर हवेतला प्राणवायू शोषून त्या आपोआप तापतात आणि काडी न लावता पेटतात, ही सिद्ध गोष्ट आहे. त्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात. आम्ही हे सांगितले तेव्हा आजीबाई नातवाकडे पाहून फक्त "बरं" म्हणाल्या आणि चहा टाकावयास गेल्या. चिंध्या संध्याकाळच्या आत बाहेर गेल्या.

इंजिनातून काढलेले तेल आणि काजळीचे पाणी ओढ्यात सोडू नये. पावसाळ्यात ते वाहून जाते असे वाटते; वाहून जाते ते खालच्या गावच्या विहिरीकडे. ते डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावे; मिस्त्र्यांस त्यांचे पत्ते माहीत असतात.

ब्रेकच्या चारी नळ्या नव्या घालावयाच्या ठरल्या. तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या नळ्या मिळतात, त्यांस गंज चढत नाही. त्या पुण्याहून मागविल्या आहेत. तोवर गाडी स्टँडांवर उभी आहे आणि नातू शनिवार-रविवारी येऊन तिची खालची बाजू घासतो. अलीकडे धाकटे चुलते त्यास विजेरी धरतात. श्रावणातील पहिल्या सोमवारी आजोबा व आजी औंढ्यास जाऊन आले, एस. टी.ने.